हिमांशू राय : निर्माता आणि संस्था

चित्रपटाच्या समीक्षेत दिग्दर्शकाचा विचार होतो, नटाचा गौरव होतो; निर्मात्याची गणना मात्र बहुधा केवळ भांडवल पुरविणारा म्हणून केली जाते. हिमांशू राय (१८९२–१९४०) यांचे कार्य पाहता ही दृष्टी अपुरी ठरते.

‘लाइट ऑफ एशिया’ (१९२५), ‘शिराझ’ (१९२८) आणि ‘ए थ्रो ऑफ डाइस’ (१९२९) हे मूकपट राय यांनी जर्मन सहकार्याने निर्माण केले. परंतु अशा प्रत्येक चित्रपटासाठी पैसा, यंत्रे व माणसे यांची नव्याने जुळवाजुळव करावी लागे. १९३४ मध्ये मालाड येथे स्थापन झालेली ‘बॉम्बे टॉकीज’ हे या अस्थिरतेला त्यांनी दिलेले उत्तर होय. ‘प्रभात’ ही भागीदारांची संस्था, तर ही भागभांडवलावर उभारलेली मर्यादित कंपनी होती.

‘अछूत कन्या’ (१९३६) या चित्रपटाची कथा निरंजन पाल यांची, छायालेखन जोसेफ विर्शिंग यांचे, संगीत सरस्वतीदेवी या पारशी विदुषीचे. आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांना तर हिंदी येत नव्हते. तरीही चित्रपटात एकसूत्रता आढळते. तिचे श्रेय या भिन्न गुणांची सांगड घालणाऱ्या निर्मात्याला द्यावयास हवे. त्यातील नायक अशोककुमार प्रथम याच संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत होते; शशधर मुखर्जी ध्वनिविभागातून पुढे आले. मालाडचा स्टुडिओ ही एक शिक्षणशाळाच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि, या रचनेतील उणीवही नजरेआड करता येत नाही. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच संस्थेतील जर्मन तंत्रज्ञ स्थानबद्ध झाले. १९४० मध्ये राय निवर्तले. त्यानंतर देविकाराणी व मुखर्जी यांचे दोन पक्ष पडले. कंपनीला भागधारक होते, संचालक मंडळ होते. परंतु कलाविषयक मतभेदांचा निर्णय कोणी करावयाचा, याची सर्वमान्य व्यवस्था नव्हती. तो अधिकार राय यांच्या व्यक्तिमत्त्वात सामावलेला होता. १९४३ मध्ये मुखर्जी, अशोककुमार प्रभृतींनी शेजारच्या गोरेगावात ‘फिल्मिस्तान’ काढली. १९४५ मध्ये देविकाराणीही निवृत्त झाल्या आणि १९५४ मध्ये ‘बॉम्बे टॉकीज’ची निर्मिती थांबली.

संस्था मोडली, परंतु तिने घडविलेली माणसे पुढे दीर्घकाळ हिंदी चित्रपट घडवीत राहिली. राय यांना माणसे घडविण्यात जे यश आले, ते आपला वारसा नियमबद्ध करण्यात आले नाही. निर्माता म्हणून त्यांचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू एकत्रच विचारात घ्याव्या लागतात.