स्क्रू टिकला म्हणजे हलला नाही असं नाही!

पेपर वाचताना आपण निष्कर्षातला आकडा उचलतो आणि पुढे जातो. मीही तेच करायचो. आज त्याचंच एक उदाहरण बघू.

पुढे आलेले दात मागे घ्यायचे तर दाढांचा आधार घ्यावा लागतो. पण न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही चालतो, त्यामुळे दाढाही थोड्या पुढे सरकतात. म्हणून जबड्याच्या हाडातच छोटा स्क्रू बसवतात आणि काम झालं की काढून टाकतात. १९९७ मध्ये कानोमी यांनी १.२ मिमी व्यासाचा स्क्रू मांडला. पुढे अशा स्क्रूंसाठी ‘अ‍ॅब्सोल्यूट अँकरेज’, म्हणजे अजिबात न हलणारा आधार, हा शब्द रुळला.

हा शब्द मला खटकतो. २००४ मध्ये लिओ आणि सहकाऱ्यांनी १६ प्रौढ रुग्णांमध्ये मोजमाप केलं, तेव्हा स्क्रूचं डोकं सरासरी ०.४ मिमी पुढे कललेलं दिसलं. स्क्रू टिकले होते, पण जागचे हलले होते. शेजारी दाताचं मूळ असेल तर हा फरक महत्त्वाचा, म्हणूनच त्यांनी २ मिमी मोकळी जागा सोडायला सांगितलं. अर्थात या अभ्यासालाही मर्यादा आहेत: रुग्ण फक्त १६, आणि मोजमाप बाजूने काढलेल्या सपाट एक्स-रेवर, ज्यात डावी-उजवी बाजू एकमेकींवर येते.

आता दुसरा आकडा. पापाजॉर्जिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये २२८१ रुग्णांचे ४९८७ स्क्रू आहेत आणि अपयश १३.५ टक्के. हे प्रमाण स्क्रूमागे आहे, रुग्णामागे नाही. दोन स्क्रू असलेल्या रुग्णाचा निदान एक तरी निकामी होण्याची शक्यता, दोन्ही स्वतंत्र धरले तर, सुमारे २५ टक्के येते. पण ते स्वतंत्र नसतात: हाड तेच, डॉक्टर तेच, ब्रश करायची सवयही तीच. त्यामुळे खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असणार. खुर्चीत बसलेल्या रुग्णाला तेच हवं असतं.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी २० रुग्णांचे ४० स्क्रू घेऊन नमुना ४० लिहिला होता. गाईडनी एवढंच विचारलं, “माणसं किती?” सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागली.

तुमचा सिनॉप्सिस जमा करण्याआधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा: मी ‘यश’ कशाला म्हणतोय, आणि मी नेमकं काय मोजतोय?