नकाशावरील अंतर आणि बाजारपेठेतील अंतर : उत्तर-दक्षिण वाहतूक कॉरिडॉरचा चिकित्सक विचार

आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक कॉरिडॉरविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात दोन विधाने हमखास आढळतात : सुएझमार्गाच्या तुलनेत अंतर ४० टक्क्यांनी कमी आणि खर्च ३० टक्क्यांनी कमी. परिसंवादांतील निबंधांत ती इतक्या निःशंकपणे उद्धृत केली जातात की, हे प्रमाण कोणत्या मालासाठी आणि कोणत्या दिशेच्या वाहतुकीसाठी, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. तथापि प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे. मार्ग जवळचा झाला म्हणजे त्यावरील देशांच्या अर्थव्यवस्थाही जवळ आल्या, हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

रशिया, इराण व भारत यांनी १२ सप्टेंबर २००० रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे या मार्गाचा करार केला. तो २००२ मध्ये अमलात आला. मुंबई परिसरातून इराणमधील बंदर अब्बास आणि तेथून कास्पियन समुद्र ओलांडून अथवा अझरबैजानमार्गे रशिया, असा सुमारे ७,२०० किलोमीटरचा हा प्रवास होय. एवढा तपशील बहुतेकांना ज्ञात असतो. मालाचे प्रत्यक्षात काय होते, याची चर्चा क्वचितच होते. जून २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून न्हावा शेवासाठी चाचणीदाखल दोन कंटेनर निघाले. त्यांत सुमारे ४१ टन लाकडी लॅमिनेटचे तक्ते होते. आस्त्राखानला जहाज, अंझली बंदरात उतरून रस्तामार्ग, बंदर अब्बासला पुन्हा जहाज, असा त्यांचा नियोजित क्रम होता. करारानंतर बावीस वर्षांनी दोन कंटेनरांची बातमी व्हावी, यातच पुष्कळ काही आले.

कास्पियनच्या पश्चिम काठाने अखंड रेल्वे असती, तर ही चढउतार कमी झाली असती. परंतु रश्त ते अस्तारा हा सुमारे १६२ किलोमीटरचा दुवाच गहाळ आहे. त्याच्या उभारणीसाठी रशिया व इराण यांच्यात करार झाला तो मे २०२३ मध्ये. दुवा पूर्ण झाला तरी इराणचा रूळमापी १,४३५ मिलिमीटरचा आणि अझरबैजान-रशियाचा १,५२० मिलिमीटरचा, हा भेद उरतोच. नाशिकच्या द्राक्षांचा शीत कंटेनर या मार्गाने पाठवायचा झाल्यास प्रत्येक टप्प्यावर वीज मिळाली पाहिजे. सीमेवर तो रखडला, तर वाचलेल्या किलोमीटरांचे बागायतदाराने करायचे काय?

याहून मूलभूत अडचण व्यापाराच्या रचनेत आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारत-रशिया व्यापार सुमारे ६८.७ अब्ज डॉलरवर पोहोचला. हा आकडा कॉरिडॉरच्या समर्थनार्थ पुढे केला जातो. परंतु त्यात भारताची निर्यात केवळ ४.९ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि आयातीचा मोठा भाग खनिज तेलाचा होता. ते तेल टँकरने समुद्रमार्गे येते. त्याला अंझलीचा धक्का लागत नाही आणि रश्तची रेल्वेही लागत नाही. कंटेनरची वाहतूक किफायतशीर ठरण्यासाठी दोन्ही दिशांना माल असावा लागतो. रिकामा परतणारा कंटेनरही भाडे मागतोच.

इराणच्या बाबतीत तर भारताने २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे तेथील तेलाची खरेदी थांबविली आणि उभयपक्षी व्यापार आक्रसला. विमा कोण उतरविणार, पैसे कोणत्या बँकेतून जाणार, हे प्रश्न नव्या धक्क्याने वा क्रेनने सुटणारे नाहीत. उलट, इराण आणि युरेशियन आर्थिक संघ यांच्यातील मुक्त व्यापार करार १५ मे २०२५ रोजी अमलात आला, तर त्याच संघाशी भारताच्या वाटाघाटींची केवळ कार्यकक्षा ऑगस्ट २०२५ मध्ये ठरली. आर्थिक एकात्मीकरण होते आहे ते प्रामुख्याने कॉरिडॉरच्या उत्तरेकडील भागात. न्हावा शेवा हे त्या मार्गाचे एक टोक आहे. त्या बाजारपेठेचा भाग अद्याप नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरची घोषणा झाल्यानंतर हीच भाषा तिकडेही वळली. अनेक निबंधांत बंदर अब्बासच्या जागी हैफा आले, एवढाच काय तो फरक. हैफाहून परतणाऱ्या कंटेनरांत कोणता माल असेल, हे तेथेही कोणी लिहिलेले आढळत नाही.