शिजवणे दिसते, शिजणे दिसत नाही

संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ हा कार्यक्रम १९९३ साली झी टीव्हीवर सुरू झाला. त्याआधी नवा पदार्थ शिकायचा म्हणजे आई-आजीच्या हाताखाली, नाही तर कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ समोर उघडून. दूरचित्रवाणीने तो पदार्थ डोळ्यांसमोर आणला. २००७ साली झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’ आला. २०१० साली ‘मास्टरशेफ इंडिया’ने स्वयंपाकाची स्पर्धा केली. आता तर मोबाइलवर दोन-दोन मिनिटांच्या पाककृती दिवसभर चालू असतात.

या कार्यक्रमांचे ऋण मान्य करायलाच हवे. पुरुष पडद्यावर कणीक मळताना दिसू लागले, हे थोडे झाले नाही. दुसऱ्या प्रांतांतले पदार्थ आपल्या घरात आले. ‘अंदाजाने घाला’ याच्या जागी चमच्याचे आणि वाटीचे माप आले. आम्हीही हे कार्यक्रम आवडीने पाहतो. आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती शिक्षकांपुढेच मांडावी असे आम्हांला वाटते.

या कार्यक्रमांत एक वाक्य हमखास येते : ‘डाळ आपण आधीच शिजवून ठेवली आहे.’ अर्ध्या तासात कार्यक्रम बसवायचा तर हे ओघानेच आले. पण त्यामुळे पातेल्यात जे घडते तेच नेमके गाळले जाते. उरते ते चिरणे, घालणे, ढवळणे आणि शेवटी ‘वा, मस्त!’

दुसरी उणीव कारणांची. ‘चिंच शेवटी घाला’ असे सांगतात. का, ते सांगत नाहीत. खरे तर त्यात सुंदर रसायनशास्त्र आहे. डाळीतल्या पेशी एकमेकींना पेक्टिन या पदार्थाने चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात पेक्टिन हळूहळू विरघळते, पेशी सुट्या होतात आणि डाळ मऊ होते. आम्लामुळे हे विरघळणे मंदावते. म्हणून चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी पडला तर डाळ दडदडीत राहते. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, त्याने काम उलट लवकर होते. पण डाळीतले ब-१ जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधते, म्हणून काही गावांत विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. एवढे सांगायला एक मिनिट पुरते.

कारण दिले जाते तेव्हा ते कधी कधी चुकीचे असते. ‘मीठ घातले की पाणी लवकर उकळते’ हे त्यांपैकी एक. वास्तविक मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि तोही किती? लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातले तर जेमतेम ०.२ अंश सेल्सिअस.

तिसरी उणीव आम्हांला सर्वांत मोठी वाटते. पडद्यावर काहीच बिघडत नाही. स्पर्धेत बिघडते; पण तिथे बिघडणे म्हणजे रडणे आणि घरी जाणे. ते का बिघडले याची चौकशी क्वचितच होते. अमेरिकेत १९६३ साली ज्युलिया चाइल्ड यांचा ‘द फ्रेंच शेफ’ सुरू झाला. चित्रफीत कापून जोडणे तेव्हा महाग होते, त्यामुळे चुका तशाच दिसत. एकदा तव्यातला बटाट्याचा थर हवेत उडवून उलटवताना फसला आणि शेगडीवर सांडला. बाईंनी तो गोळा करून परत तव्यात ठेवला, आणि आपण पुरेशा धीटपणे उलटवले नाही हे तिथेच सांगून टाकले. पाहणाऱ्याला पदार्थाबरोबर चूक कशी ओळखायची हेही शिकायला मिळाले.

एका शिक्षक-शिबिरात आम्ही विचारले, ‘आमटीत चिंच शेवटी का?’ उत्तर आले, ‘तशीच पद्धत आहे.’ आम्हांला हसू आले, पण मग आठवल्या आपल्या प्रयोगवह्या. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आणि निरीक्षण फळ्यावरून आधीच उतरवलेले! ‘डाळ आधीच शिजवून ठेवली आहे’ हे वाक्य आपल्या प्रयोगशाळेतही चालतेच की. मग एकट्या दूरचित्रवाणीला दोष कसा द्यावा?

यावर एक साधा उपाय वर्गात करता येईल. बटाट्याचे सारख्या आकाराचे तुकडे करा. तीन पातेल्यांत सारखेच पाणी घ्या. एकात काही घालू नका, दुसऱ्यात दोन चमचे लिंबाचा रस, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. तिन्ही सारख्या आचेवर उकळा. दर तीन मिनिटांनी प्रत्येकातला एक तुकडा काढून त्यात टाचणी टोचा आणि ती किती सहज जाते ते नोंदवा. उत्तर आधी सांगू नका. एखाद्या गटाचे निरीक्षण इतरांहून वेगळे आले तर ते खोडू नका. आच कमी होती का, तुकडे मोठे होते का, हे त्या गटालाच शोधू द्या.

मग घरचा अभ्यास म्हणून एक पाककृतीचा कार्यक्रम पाहायला सांगा. प्रत्येकाने त्यातले न सांगितलेले तीन ‘का’ लिहून आणायचे. त्यांपैकी एखाद्याचे उत्तर आपल्यालाही येणार नाही. त्या दिवशीचा तास चांगला झाला असे समजावे.