एक शहर, तीन नजरा

पूर्णगडाच्या तटावर उभे राहिले असता मुचकुंदीची खाडी, अरबी समुद्र आणि पायथ्याचे गाव हे सारे नजरेच्या टप्प्यात येते. तेथे तीन छायाचित्रकार उभे केले, तर एक क्षितिजाकडे वळेल, दुसरा चिऱ्यांवरील उन्हाकडे, तर तिसरा जाळे दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे. हा भेद कॅमेऱ्याचा नव्हे. ज्याचे मन जेथे थबकते, तेथेच त्याची नजर स्थिरावते.

मुंबईची छायाचित्रे पाहिली की याची प्रचिती येते. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचे मुंबईवरील पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांची चौकट गजबजलेली असते. काचांतील प्रतिबिंबे, दुकाने, वाहने, माणसे सारे एकमेकांत मिसळते. भारतीय जीवन रंगांतूनच पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. मात्र या गर्दीत एकटा माणूस पुष्कळदा रचनेचा एक रंग होऊन राहतो.

गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांना गर्दी नकोच होती. ‘फेसेस’ (१९९७) या संग्रहात सौम्य प्रकाशात उजळलेली चित्रपटसृष्टीतील माणसे भेटतात. समोरच्या व्यक्तीविषयीचा आदर हे त्यांचे बळ. पण हाच आदर क्वचित चेहऱ्यावरील श्रमाच्या खुणाही पुसून टाकतो.

याच मुंबईत सुधारक ओलवे यांची नजर महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर खिळली. कचऱ्यात आणि गटारात उतरलेली ही माणसे त्यांनी कृष्णधवल छायाचित्रांत टिपली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील काळोख कधी कधी जड होतो. तथापि त्या काळोखातून पाहणारे डोळे आपल्याकडे दयेची याचना करीत नाहीत. ते आपल्याला जाब विचारतात.

या तिघांत खरी मुंबई कोणाची, हा प्रश्न समीक्षेने विचारू नये. नजर स्वभावातून येते, म्हणून एकाने दुसऱ्यासारखे पाहावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु प्रत्येक नजरेची एक आंधळी बाजू असते, हेही तितकेच खरे. केवळ पहिल्या दोन नजरांवर विसंबलो असतो, तर आपली घाण उपसणारा माणूस असा समोरासमोर आपल्याला भेटलाच नसता.

वाचकहो, आपल्या घरांतील लग्नाचे आणि पहिल्या कम्युनियनचे आल्बम या दृष्टीने चाळून पाहावेत. बहुतेक पाने सारखीच दिसतील: वेदी, केक, रांगेत उभे नातेवाईक. पहाटेपासून चुलीपाशी राबलेली मावशी त्यांत सहसा सापडत नाही. घरातल्या एखाद्या मुलाने मोबाईलवर तिचाच फोटो काढला असेल, तर ‘हे काय काढलेस?’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपल्याला जे दिसले नाही, ते त्याला दिसलेले असते.