'ते' आणि 'मी' : निबंधलेखनाच्या साच्यांची चिकित्सा

प्रथम वर्षाच्या इंग्रजी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला 'निबंध' हा शब्द नवा नसतो. पावसाळ्याचे वर्णन, नदीचे आत्मवृत्त, 'मी मुख्यमंत्री झालो तर' असे निबंध त्याने शाळेत लिहिलेले असतात. महाविद्यालयीन निबंधाची अपेक्षा मात्र निराळी असते. तेथे वाचलेल्या मताची मांडणी करून त्यावर सकारण भूमिका घ्यावी लागते. हा फरक विद्यार्थ्याला क्वचितच उलगडून सांगितला जातो. जेराल्ड ग्राफ व कॅथी बर्केनस्टाइन यांचे 'दे से / आय से' (२००६) हे अमेरिकन पाठ्यपुस्तक नेमके हेच काम हाती घेते.

विद्वत्तापूर्ण लेखन म्हणजे आधीपासून चाललेल्या चर्चेत घेतलेला भाग होय, हे या पुस्तकाचे मुख्य सूत्र आहे. आधी इतर काय म्हणतात ते सांगावे, मग आपले म्हणणे मांडावे. सहमती, असहमती आणि अंशतः सहमती असे प्रतिसादाचे तीन मार्ग दाखवून लेखकद्वय प्रत्येकासाठी रिकाम्या जागांचे वाक्यसाचे देते. साच्यांमुळे स्वतंत्र विचार खुंटतो, हा आक्षेप त्यांनी गृहीत धरला आहे. सुनीताचा आकृतिबंध शेक्सपिअरने निर्माण केला नव्हता, म्हणून त्याला कोणी प्रतिभाहीन म्हणत नाही, असे त्यांचे उत्तर आहे.

भाषेच्या दृष्टीने या साच्यांचा उपयोग मान्य करावा लागतो. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने १९७० मध्ये प्रवेश खुला केल्यानंतर मीना शॉनेसी यांनी सिटी कॉलेजमधील नवागतांचे सुमारे ४,००० चाचणी-निबंध तपासले. विद्यार्थ्यांच्या चुकांमागे तर्क असतो, हे त्यांनी 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' (१९७७) या ग्रंथात दाखवून दिले. मराठी वा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी 'दो'ने सुरू केलेल्या इंग्रजी वाक्यात पुन्हा 'बट' घालतो. त्यामागेही 'जरी'ला 'तरी'ची आणि 'अगरचे'ला 'लेकिन'ची जोड देण्याची सवय असते. दुसऱ्याचे अंशतः मान्य करून पुढे जाणारे वाक्य त्याला तयार मिळाले, तर वाक्यरचनेत अडकलेला विचार मोकळा होऊ शकतो.

खरी अडचण पुढे आहे. साच्यातील 'मी'ची जागा भरणे सोपे असते, 'ते'ची जागा भरण्यासाठी मात्र वाचावे लागते. न वाचताच 'काही लोक म्हणतात' असे लिहून विद्यार्थी काल्पनिक प्रतिपक्ष उभा करू शकतो आणि त्याला सहज पाडू शकतो. लेखकाचे नेमके मत बाजूला ठेवून त्याच्या जवळचे एखादे रूढ वाक्य त्याच्या तोंडी घालण्याच्या प्रवृत्तीबद्दल हे पुस्तक सारांशाच्या प्रकरणात सावध करते, हे खरे. परंतु वर्गात बहुधा साचे तेवढे उतरवून घेतले जातात, इशारा मागे राहतो. अशा वेळी साचा म्हणजे नवे गाईडच ठरते.

मुळात ही पद्धत आपल्याला परकी नाही. भारतीय शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष व उत्तरपक्ष आहेत, तर अरबी ग्रंथपरंपरेत 'फ इन कील' (जर असे म्हटले गेले) आणि 'कुल्ना' (आम्ही म्हणतो) ही जोडी रूढ आहे. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'तहाफुत अल-फलासिफा'मध्ये तत्त्वज्ञांच्या २० मतांचा परामर्श याच रीतीने घेतला. मात्र त्याआधी दोन वर्षांच्या आत तत्त्वज्ञानाचे स्वतः वाचन केले आणि सुमारे एक वर्ष त्यावर मनन केले, असे ते आत्मकथनात नमूद करतात. एखादे मत पूर्ण समजून घेतल्याशिवाय त्याचे खंडन करणे त्यांना अंधारात मारलेल्या बाणासारखे वाटते. पुढे इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी गझालींना उत्तर देताना त्यांचेच उतारे विस्ताराने उद्धृत केले. या परंपरेत साच्यामागे प्रतिपक्षाविषयीचा प्रामाणिकपणा होता.

त्यामुळे साचे नाकारण्याचे कारण नाही, त्यांचा क्रम मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. प्रथम ठरावीक उताऱ्याचा सारांश लिहून घ्यावा. मूळ उतारा वाचलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने 'लेखकाचे म्हणणे हेच आहे' असे मान्य केल्यावरच 'मी म्हणतो'चा साचा द्यावा. गुणांकनातही सारांशाच्या अचूकतेला स्वतंत्र गुण असावेत. घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्ये तर मिळालीच पाहिजेत, पण दुसऱ्याचे म्हणणे न्यायाने मांडण्याची सवय त्याला प्रत्येक विषयात आणि वर्गाबाहेरही उपयोगी पडणारी आहे.