सुतक, मौन आणि खिडकी : ज्यू कथात्म साहित्यातील धर्माचरण सोडणारी मुले आणि त्यांचे आईबाप

आईबापांचे न ऐकणाऱ्या उन्मत्त मुलाला नगराच्या वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर उभे करावे आणि दगडमार करून मारावे, अशी आज्ञा जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. तालमूदच्या 'सनहेद्रीन' या भागातील पंडितांनी या आज्ञेभोवती अटींचे इतके कुंपण घातले की ती अमलात येणेच अशक्य झाले. असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, ही आज्ञा केवळ अभ्यासासाठी लिहिली गेली, असे मतही तेथे नोंदलेले आहे. मात्र त्याच पानावर रब्बी योनाथान सांगतात की, आपण असा मुलगा पाहिला आहे आणि त्याच्या थडग्यावर बसलोही आहोत. कायदा ज्याला अशक्य ठरवतो तो मुलगा कोणाच्या तरी घरात असतोच, याची ही फार जुनी नोंद म्हणावी लागेल.

वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या 'हग्गादा' या ग्रंथात चार मुलगे येतात. त्यांतील 'दुष्ट' मुलगा हा सारा विधी 'तुम्हांला' कशासाठी, असे विचारून स्वतःला समाजातून वगळतो आणि बापाने त्याला कठोर उत्तर द्यावे, असे ग्रंथ सांगतो. कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या बेने इस्राएल समाजासाठी १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. म्हणजे हा प्रश्न आणि हे उत्तर मराठीतही ज्यू घरांत वाचले गेले आहे. उत्तराच्या कठोरपणाची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने एका साध्या गोष्टीकडे कमी लक्ष जाते. हा मुलगा अजून जेवणाच्या पंगतीत बसलेला आहे. आधुनिक ज्यू साहित्याचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पंगतीतून तो उठून गेला तर बापाने काय करावे?

या प्रश्नाची धार कळण्यासाठी ज्यू धर्माचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. ईश्वराची वचने मुलांना शिकवावीत ही आज्ञा आईबापांवर आहे आणि रोजच्या प्रार्थनेत तिचे उच्चारण होते. त्यामुळे मुलाने शब्बाथ पाळणे सोडले तर ती केवळ मुलाची चूक ठरत नाही. बापाचे स्वतःचे एक कर्तव्य अपुरे राहते. दुःखात अपराधभाव मिसळतो तो येथे. श्रद्धेचा वाद हा बहुधा वरवरचा असतो. खाली असते ती पिढ्यांची साखळी आपल्या हातून तुटल्याची जाणीव. या विषयावरील साहित्यकृती किती खोल उतरते, हे ती या जाणिवेला किती जागा देते त्यावरून ठरवता येते.

धर्म सोडलेल्या अपत्यासाठी सात दिवसांचे सुतक, म्हणजे 'शिवा', पाळण्याची रूढी प्रसिद्ध आहे. जिवंत माणसाचे घटश्राद्ध करण्याची चाल ठाऊक असलेल्या वाचकाला ती अपरिचित वाटणार नाही. पण ज्यू धर्मशास्त्र असे सुतक पाळायला सांगत नाही. मेंझ येथील रब्बेनू गेर्शोम यांनी (सुमारे ९६० ते १०४०) ख्रिस्ती झालेल्या मुलाचे सुतक पाळले, या आख्यायिकेचा आधार रूढीला दिला जातो. परंतु ते सुतक मुलाच्या धर्मांतराचे नसून त्याच्या प्रत्यक्ष मृत्यूचे होते, असे अनेक अभ्यासक मानतात. शास्त्राने न सांगितलेला विधी लोकांनी निर्माण केला, कारण या दुःखाला विधीच नव्हता.

शोलेम आलेखेम यांच्या यिडिश भाषेतील 'तेव्ये दूधवाला' या कथामालेत (१८९४ ते १९१४) हे सुतक येते. १९०६ च्या 'हावा' या कथेत तेव्येची मुलगी ख्वेदका नावाच्या ख्रिस्ती कारकुनाशी लग्न करते. आपल्या मुलीला पाहता यावे म्हणून तेव्ये पाद्र्याच्या दारी जाऊन विनवणी करतो आणि हात हलवीत परत येतो. मग बायकोला जोडे काढून खाली बसायला सांगतो. हावा नव्हतीच, असे घरात ठरते. पुढे रानातल्या वाटेवर ती त्याला गाठते तेव्हा तो घोडा हाकत निघून जातो. आणि मग एकट्याने गाडी हाकताना, ज्यू असणे म्हणजे काय, ज्यू नसणे म्हणजे काय, देवाने हे दोन का निर्माण केले, असे प्रश्न त्याला पडतात.

कथेचा खरा कळस मात्र शेवटी अगदी हळूच येतो. तेव्ये कबूल करतो की, एकदा शब्बाथचे कपडे चढवून तो मुलीला भेटण्यासाठी स्टेशनवर गेला होता. खिडकीपाशी येहुपेत्सचे तिकीट मागितले. असे स्टेशन नाही, म्हणून कारकुनाने सांगितले, तेव्हा त्यात आपला काय दोष, असे म्हणत तो घरी परतला. येहुपेत्स हे कीव्ह शहराला लेखकाने दिलेले कल्पित नाव आहे. त्यामुळे हा विनोद आहेच, पण एका बापाने स्वतःसाठी शोधलेली पळवाटही आहे. प्रेमाने त्याला स्टेशनपर्यंत नेले आणि कायद्याने, कायद्याचे नावही न घेता, परत आणले. तेव्ये हे घरात कोणाला सांगू शकत नाही. तो ते गाडीत बसलेल्या लेखकाला सांगतो. ही कथामाला एकतर्फी संभाषणाच्या रूपात का आहे, याचे उत्तर या प्रसंगात मिळते. ज्या दुःखाला सुतक संपल्यावर घरात उच्चारायची परवानगी नाही, ते परक्याजवळच बोलता येते.

१९१४ च्या 'लेख-लेखो' या कथेत ज्यूंना गावातून हुसकावले जात असताना हावा घरी परतते. तेव्ये तिला जवळ घेतो की नाही, हे लेखक सांगत नाही. तुम्ही काय केले असते, असे तेव्ये श्रोत्यालाच विचारतो. देश, जन्मभूमी आणि बापाचे घर सोडून जाण्याची अब्राहामाला मिळालेली आज्ञा हे या कथेचे शीर्षक आहे. त्यातील व्यंग सहज लक्षात येत नाही. ज्यू परंपरेचा मूळपुरुष हाच बापाचा धर्म सोडून निघालेला मुलगा आहे. आख्यानांत तर तो तेरहाच्या मूर्तीही फोडतो. ज्या पित्याला सोडले गेले त्या तेरहाच्या बाजूने परंपरा बोलत नाही. तेव्येला मात्र एकाच वेळी अब्राहामही व्हावे लागते आणि तेरहही.

१९३९ च्या मॉरिस श्वार्ट्झ यांच्या यिडिश चित्रपटात हावेचे परतणे कायम आहे. १९६४ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'फिडलर ऑन द रूफ' या संगीतिकेत आणि १९७१ च्या तिच्या चित्ररूपात मात्र हावा नवऱ्याबरोबरच निघून जाते आणि तेव्ये मोठ्या मुलीच्या तोंडून तिला आशीर्वाद पोहोचवतो. हा बदल अमेरिकन प्रेक्षकाच्या सोयीचा होता. दोघांनाही आपापला मान राहतो आणि कोणालाच फारशी किंमत मोजावी लागत नाही. रंगमंचावर तो प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो, हे खरे. पण तिकिटाच्या खिडकीपाशी गोंधळलेला म्हातारा त्यात हरवला.

अमेरिकेत वाढलेले आणि स्वतः रब्बी झालेले कादंबरीकार खाइम पोटोक (१९२९ ते २००२) यांनी हा प्रश्न ब्रुकलिनच्या हासिदी घरांत नेला. 'द चोझन' (१९६७) मध्ये रेब साँडर्स तालमूदच्या पाठाखेरीज मुलाशी, डॅनीशी, बोलतच नाहीत. असामान्य बुद्धीच्या मुलात करुणा उत्पन्न व्हावी म्हणून हे मौन. डॅनी वंशपरंपरागत गादी सोडून मानसशास्त्राकडे वळणार, हे कळल्यावर वल्हांडणाच्या दिवसांत ते त्याच्या मित्राला मध्ये ठेवून त्याच्याशी बोलतात आणि त्याला मोकळे करतात. प्रसंग प्रभावी आहे. तरीही त्यातील तडजोड डोळ्याआड करता येत नाही. दाढी आणि कानशिलांवरच्या बटा उतरवल्या तरी आज्ञा पाळशील ना, या प्रश्नाला डॅनी होकार देतो, म्हणूनच बापाला क्षमा सुकर होते. नकार आला असता तर? पोटोक तेथे थांबतात.

'माय नेम इज आशर लेव' (१९७२) अधिक निर्भय आहे. आशर आज्ञा पाळतो. पण तो चित्रकार आहे आणि आईच्या यातना रंगवण्यासाठी आपल्या परंपरेत आकार सापडत नाही म्हणून तो क्रूसाचा आकार घेतो. त्याची आई रिव्हके वर्षानुवर्षे दिवाणखान्याच्या खिडकीशी उभी राहून आधी प्रवासातल्या नवऱ्याची आणि मग मुलाची वाट पाहत आलेली आहे. त्याच खिडकीच्या चौकटीवर तिला बांधलेली पाहून आईबाप प्रदर्शनातून निघून जातात आणि रब्बी आशरला ब्रुकलिन सोडून पॅरिसला जायला सांगतात. बटा उतरवणारा डॅनी घरात राहतो, शब्बाथ पाळणारा आशर दूर जातो. आईबापांचे गमावणे आचाराच्या मापाने मोजता येत नाही, हे दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्यावर दिसते. शिवाय येथे प्रथमच आई केंद्रस्थानी आहे. तेव्येच्या गोल्डेला सुतकाला बसवले गेले, तिला बोलू दिले नाही. रिव्हके नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी राहून दोघांची बाजू घेते आणि त्याची किंमतही तीच देते.

एकविसाव्या शतकात कादंबरीची जागा आत्मकथनाने घेतली. डेबोरा फेल्डमन यांचे सात्मार हासिदी पंथ सोडल्याचे 'अनऑर्थोडॉक्स' हे कथन २०१२ मध्ये आले. २०२० मध्ये त्यावर आधारित मालिका निघाली. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०१३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत ऑर्थोडॉक्स घरांत वाढलेल्या पासष्टीपुढील ज्यूंपैकी केवळ २२ टक्के ऑर्थोडॉक्स राहिले होते; तिशीच्या आतील मंडळींत हे प्रमाण ८३ टक्के होते. सोडून जाणारे कमी झाले तेव्हा सोडून जाण्याचे साहित्य वाढले. पूर्वी निम्मी गल्लीच आचार सोडत होती, तेव्हा बाप एकटा नव्हता. आज बंदिस्त वस्तीत एकाचे जाणे साऱ्या घराच्या सोयरिकींवर सावट आणते, आणि म्हणूनच ते कथनाचा विषय होते.

या आत्मकथनांत आईबाप बहुधा पहारेकरी म्हणून येतात. बंधनातून सुटलेल्या व्यक्तीकडून याहून वेगळी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल; पण साहित्य म्हणून ती उणीव आहे, कारण दार बंद करणाऱ्याचा हात थरथरला की नाही, हे वाचकाला कळत नाही. वास्तवात हा थरकाप आहे, याची साक्ष धर्मशास्त्रातच मिळते. अत्यंत कर्मठ मानले गेलेले 'हाझोन ईश', म्हणजे रब्बी अव्राहाम येशाया कारेलित्स (१८७८ ते १९५३), यांनीही आजच्या काळात आचार सोडणाऱ्यांना दंडाने नव्हे तर प्रेमाने बांधून ठेवावे, असे लिहिले आहे.

शुलेम डीन यांचे 'ऑल हू गो डू नॉट रिटर्न' (२०१५) मात्र वेगळे पडते. स्क्व्हेर हासिदी पंथातील डीन यांना २००५ मध्ये पाखंडी ठरवून न्यू स्क्वेअर सोडायला लावले गेले. ते पाच मुलांचे बाप होते. येथे जाणारा बाप आहे आणि धर्मात राहणारी मुले आहेत. हळूहळू मुलेच त्याला भेटेनाशी होतात. नीतिसूत्रांच्या ग्रंथातील ज्या वचनावरून हे शीर्षक घेतले ते तालमूदने पाखंडाला लावले आहे, म्हणजे परत न येणारा तो पाखंडी. डीन यांच्या कथनात मात्र परत न येणारी ती मुले आहेत, आणि त्यांची वाट पाहत बसलेला, त्यांच्या लेखी मेलेला, तो एक बाप आहे.