'समांतर': पुढचं पान कोण उलटतं?

डोंबिवलीकर मालिका बघतो कुठे? लोकलमध्ये, मोबाइलवर, ठाणं येईपर्यंत. पण मार्च २०२० मध्ये 'समांतर' आली आणि त्याच महिन्यात लोकल बंद झाली. उद्याचं काहीच कळत नव्हतं, तेव्हा सतीश राजवाडे यांचं पहिलं पर्व आम्ही घरीच बघितलं. २०२१ मध्ये समीर विद्वांस यांचं दुसरं. सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरी सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा, मान्य.

पहिल्या पर्वात शोध आहे. आपलं आयुष्य आपल्याआधी जगलेला माणूस सापडेल का? स्वप्नील जोशींचा चिडलेला, हरत आलेला कुमार पटतो. दुसऱ्यात चक्रपाणीची डायरी, रोज एकच पान वाचायची अट. खरा प्रश्न इथे होता: पुढचं कळल्यावर माणूस वेगळा वागतो का? मालिका मात्र 'आता काय होणार' यातच रमली.

कादंबरीचं पान आपण स्वतः उलटतो, म्हणजे कुमारचा मोह आपलाही होतो. मोबाइलवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो. मोह आपला राहतच नाही.

म्हणून पहिलं पर्व बघा, मग कादंबरी वाचा. दुसरं राहिलं तरी चालेल.